पॅकिंग, पळस आणि मूल रोड

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आई सडा घालून रांगोळीला बसली आणि लगेच उठली. ठिपक्यांच्या रांगांमध्ये बशीएवढा काळा डाग होता. सोड्याने घासला, राखेने घासला, पण फरशीत मुरलेलं ऑइल काही निघेना. "एक तर गाडी दुसरीकडे लाव, नाही तं तिची गळती थांबव," एवढं बोलून ती आत गेली. चंद्रपूरच्या तुकूममधल्या आमच्या घराचं अंगण जेमतेम आहे. मारुती ८०० उभी केली की तुळशीपर्यंत जायला एक माणूस मावेल एवढी वाट उरते. गाडी दुसरीकडे लावायची सोय नव्हती, तेव्हा गळतीच थांबवायला हवी होती.

गाडी १९९८ ची, बाबांची. ते गेल्यानंतर विकायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आईच्या चेहऱ्याकडे पाहून मागे पडला. इंजिनाच्या वरच्या झाकणातून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून, ऑइल पाझरत होतं. मी धनत्रयोदशीला सकाळी बाजारातून सिलिकॉनची लाल ट्यूब आणली. झाकण उघडून त्याच्या कडेने चारही बाजूंनी जाड थर दिला, बोटाने सारखा केला, झाकण परत बसवलं आणि दोन तास वाळू दिलं. चार दिवस फरशी कोरडी राहिली. पाचव्या दिवशी थेंब पुन्हा पडला, तोही पहिल्यापेक्षा मोठा.

कार्तिक पौर्णिमेनंतर मूल रोडवर जे झालं, त्यामुळे या विषयाकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. चंद्रपूर सोडलं की लोहारा, चिचपल्ली, अजयपूर अशी गावं घेत हा रस्ता जंगलातून मूलला जातो आणि पुढे सावलीवरून वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत शिरतो. अंधार पडायला आला होता. आधी जळक्या ऑइलचा वास आला, मग बॉनेटच्या फटीतून निळसर धूर. आई शेजारी बसलेली. या पट्ट्यात संध्याकाळी गाडीतून खाली उतरत नाहीत, हे इथल्या शाळेतल्या मुलालाही सांगावं लागत नाही. वाघाने माणूस मारल्याची बातमी आमच्याकडे वर्षातून एकदा येत नाही, महिन्यातून येते. काचा वर करून, इंजिनवर जोर न देता, मी हळूहळू पुढच्या गावापर्यंत गाडी नेली आणि चहाच्या टपरीच्या उजेडात बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरमधून ओघळलेलं ऑइल थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून तडतडत होतं. सायलेन्सरला जाणारी ती ओतीव नळी गाडी चालून आली की काही शे अंशांवर तापलेली असते. अंगणातला डाग हा घरातला वाद होता. आता मात्र गाडी पेटण्याची गोष्ट होती.

मूल रोडवरच एक मिस्त्री आहेत. त्यांची चाळीस वर्षं काळी-पिवळीच्या जीपा आणि ट्रॅक्टर खोलण्यात गेली. त्यांनी माझं कव्हर उघडून उजेडात धरलं. आतल्या कडेला सिलिकॉनचे लाल लोंबते तुकडे शेवयांसारखे चिकटले होते.

"हे पाहा भाऊ. ज्यानं लावलं, त्यानं मन लावून लावलं. पण बाहेर जेवढं दिसते, तेवढंच आतही गेलं असते."

माझ्याआधीही कुणी तरी एका गॅरेजात असाच थर दिला होता, कारण माझ्या लाल तुकड्यांखाली जुने करडे तुकडे निघाले. मिस्त्रींनी कपाटातून एक जुनी जाळी काढून माझ्या हातात दिली. इंजिनाच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो. त्यातलं ऑइल पंप या जाळीतून वर ओढतो. हातातल्या जाळीची अर्ध्याहून जास्त भोकं रबराच्या कणांनी बुजलेली होती. ती एका दुसऱ्याच गाडीची होती. त्या गाडीचं इंजिन भर उन्हात मूल आणि सावलीच्या मध्ये धरलं. बेअरिंगला ऑइल मिळालं नाही, क्रँक गेला. "पंपाले वाटते, मी ओढून राहिलो. वर येते काहीच नाही," ते म्हणाले. शंभर रुपयांची ट्यूब जास्तीची पिळल्यामुळे तीस हजारांचं काम निघालं होतं. ती जाळी त्यांनी मुद्दाम ठेवली आहे आणि माझ्यासारखा कुणी आला की दाखवतात.

ज्याला पुस्तकात गॅस्केट म्हणतात, त्याला आपल्याकडे गॅरेजात पॅकिंग म्हणतात, आणि हा शब्द कामाला जास्त जवळचा आहे. धातूचे दोन भाग कितीही घासून सपाट केले तरी त्यांच्यात केसाएवढ्या फटी उरतात. त्या फटी भरायला मधे काहीतरी दबणारं घालायचं: कागद, कॉर्क, रबर, तांब्याचा पत्रा, पोलादाचे पातळ थर. बोल्ट आवळले की ते दबतं आणि दबलेलं असताना परत उठायची धडपड करतं. ती धडपड म्हणजेच सील. पॅकिंग चिकटून गळती थांबवतं असा बहुतेकांचा समज असतो. ते चिकटून थांबवत नाही, दाबून थांबवतं. वर लावतो ते सिलिकॉन किंवा शेलॅक फक्त त्या दाबाला साथ देतं. धातूचा फेस, म्हणजे सांध्याची सपाट बाजू, मळका असेल तर दाब मळावर पडतो आणि ऑइल बाजूने वाट काढतं.

दाब केवढा असतो हे कळलं, तेव्हा मला या कागदी तुकड्याविषयी आदर वाटायला लागला. आपल्या गाडीच्या टायरमध्ये तीस पौंड हवा भरतो. रेडिएटरचं झाकण तेरा-चौदा पौंडांच्या आसपास उघडतं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की सिलिंडरमधला दाब क्षणभर सातशे पौंडांच्या घरात जातो, डिझेलमध्ये त्याहून बराच वर. हेडच्या पॅकिंगने हा दाब अडवायचा, शेजारून वाहणारं पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू द्यायचं नाही आणि मिनिटाला हजारदा हे सोसायचं. वर आणखी एक पीडा. माझ्या गाडीसारख्या कितीतरी इंजिनांत खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. फूटभर लांबीच्या हेडमध्ये थंड इंजिन तापेपर्यंत दोघांच्या लांबीत पाव मिलिमीटरचा फरक पडतो. रोज सकाळ-संध्याकाळ हेड पॅकिंगवरून तेवढं सरकतं आणि मागे येतं. म्हणूनच गाडीने एकदा हीट मारली की हेड वाकतं आणि पॅकिंग उडतं.

आणि चंद्रपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे जातो, तेव्हा इंजिनाला थंड व्हायला हवाच उरत नाही. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर जिप्सीचालकांशी बोललो तेव्हा हे नीट कळलं. मारुती जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली, २०१९ मध्ये बंद झाली, आणि अजूनही जंगलात तिला पर्याय मिळालेला नाही असं तिथले चालक सांगतात. सफारीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास रेंगाळते, मध्येच वाघासाठी बंद, मग पुन्हा सुरू. समोरून वारा नाही, पंख्यावर सगळा भार, आणि वर धूळ. एका चालकाने मला इंजिन दाखवलं. सगळीकडे तपकिरी धूळ एकसारखी बसलेली, पण एका कोपऱ्यात तीच धूळ काळी, ओलसर, पापुद्र्यासारखी. "गळती शोधायले काही करावं लागत नाही," तो म्हणाला, "धूळच सांगते." पावसाळ्यात कोअरचे दरवाजे बंद होतात, त्या महिन्यांत या गाड्या खोलल्या जातात. घरी गाडीवर काम करणाऱ्यानेही हेच करावं. आधी इंजिन बाहेरून पूर्ण धुवावं, कोरडं करावं, चार-सहा दिवस चालवावं आणि मग पाहावं. ऑइल वरून खाली ओघळतं, वाऱ्याने मागे जातं. जिथे थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. कितीतरी लोक वरचं टॅपेट कव्हर पाझरत असताना खालच्या चेंबरचं पॅकिंग बदलून बसतात.

मिस्त्रींनी मला विचारलेला पहिला प्रश्न पॅकिंगचा नव्हताच. "ब्रीदर पाहिला का?" पिस्टनच्या बाजूने थोडी जळकी हवा खाली निसटतेच. तिला बाहेर जायला एक रबरी नळी असते, ती पुन्हा एअर फिल्टरकडे जाते. ही नळी धुळीने, काजळीने, घट्ट झालेल्या ऑइलने बुजली की हवेचा दाब इंजिनाच्या आत साठतो आणि ती ऑइलला जिथून सापडेल तिथून ढकलते. अशा इंजिनाला रोज नवं पॅकिंग लावलं तरी ते रोज गळेल. माझ्या गाडीची नळी काढून फुंकली, तर पलीकडून श्वास येईना. थर्मल वीज केंद्राची राख, कोळशाच्या खाणींची पूड आणि रस्त्याची धूळ असलेल्या गावात ही नळी बुजायला वर्षंही लागत नाहीत. मी सिलिकॉन लावलं, पण ही वीतभर नळी एकदाही उघडून पाहिली नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बाबा दर दिवाळीला ती केरोसिनने धुवायचे. मी ते लहानपणी पाहिलेलं होतं.

मिस्त्रींच्या टेबलावर तपकिरी द्रवाची एक छोटी बाटली होती, झाकणाला ब्रश असलेली. शेलॅक. त्यांनी झाकण उघडलं आणि मला सुताराच्या दुकानाचा वास आला. फर्निचरला पॉलिश करणारे ज्याला चपडा म्हणतात, तीच ही वस्तू: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ही लाख कुठून येते हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागू नये. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच बांधतो. पळस-बोरीवरच्या वाणाला रंगीनी म्हणतात, कुसुमावरच्या वाणाला कुसुमी. रंगीनीची कातकी आणि बैसाखी, कुसुमीची अघनी आणि जेठवी अशी वर्षाला एकेकीची दोन पिकं. गोंदिया-गडचिरोलीच्या पळसाच्या रानांत हे पीक घेतलं जातं. फांद्या तोडून, खरवडून, धुऊन, वितळवून, ताणून त्याचा चपडा होतो. लाखेसाठी म्हणून रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये संशोधन संस्था सुरू झाली, यावरून या किड्याच्या धंद्याचा पसारा लक्षात यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी यादी दिली, तिच्यात बांबू, मध, मेण, तेंदूपानांबरोबर लाखेचंही नाव आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्याखाली.

इंजिनात लाखेचं काय काम? लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पण पेट्रोल, डिझेल आणि इंजिन ऑइल यांना दाद देत नाही. ऊब लागली की मऊ होऊन फटीत शिरते. बराच काळ तापत राहिली की कायमची कडक होते. कागदाच्या पॅकिंगला पातळ हात दिला तर कागद फेसला धरून राहतो आणि ऑइल शोषत नाही. कृत्रिम रसायनं यायच्या कितीतरी आधीपासून जगभरच्या मोटारींचे सांधे या किड्याच्या राळेने बंद केले आहेत. हे मी मिस्त्रींना सांगितलं तर ते थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिले. त्यांच्या आजीने आरमोरीकडच्या रानात लाख गोळा केली होती. आपल्या टेबलावरची बाटली तीच लाख आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण या लाखेच्या बाबतीत आता एक सावधगिरी हवी. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हाच लाखेचा द्रावक आहे. म्हणून कार्बोरेटर, पेट्रोल पंप, अशा इंधन वाहणाऱ्या सांध्यांना शेलॅक लावण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तिथे सिलिकॉनही चालत नाही, ते पेट्रोलने फुगतं. कंपनीने दिलेलं पॅकिंग कोरडंच बसवावं.

सिलिकॉनचं गणित वेगळं. ते हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं. ट्यूबमधून बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्यावर साय धरते आणि मग साय आत आत सरकत जाते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. श्रावणात साय लवकर धरते, मे महिन्याच्या कोरड्या दुपारी उशिरा. मी धनत्रयोदशीला दोन तासांत गाडी सुरू केली तेव्हा वर साय होती आणि आत लोणी. चोवीस तास थांबणं हा सल्ला नव्हे, ती त्या पदार्थाची गरज आहे. काही स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना त्यातून ॲसिड निघतं. ते ॲल्युमिनियमला आणि आताच्या गाड्यांच्या सेन्सरना बरं नाही. इंजिनासाठी वेगळं, आंबट वास नसलेलं मिळतं, तेच घ्यावं. तिसरा प्रकार अगदी उलटा: हवा असेपर्यंत पातळ राहतो आणि धातूच्या दोन फेसमध्ये हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतो. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये तो तयार केला, पुढे लॉकटाइट या नावाने तो जगभर गेला. त्याची बाटली मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, कारण आतली हवाच त्याला जिवंत ठेवते. गिअरबॉक्सच्या दोन कडक, घडलेल्या भागांत तो उत्तम. पत्र्याच्या लवचिक झाकणाला मात्र त्याचा उपयोग नाही.

दक्षिण गडचिरोलीत गेलं की हे सगळं ज्ञान दुसऱ्याच कसाला लागतं. आलापल्लीच्या चौकात काळी-पिवळी चालवलेले एक काका भेटले. जिल्ह्याचं तीन चतुर्थांश क्षेत्र जंगल आणि रेल्वे म्हणाल तर वर्षानुवर्षं एकट्या वडसा स्टेशनापुरती. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हे सगळं रस्त्यावर अवलंबून, आणि रस्ता पावसावर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. हेडचं पॅकिंग चंद्रपूरहून किंवा नागपूरहून एसटीच्या पार्सलने यायचं, दोन दिवस, चार दिवस, कधी पूर ओसरेपर्यंत. तोवर पेशंट, बाळंतीण, परीक्षेची पोरं कुणाच्या तरी गाडीची वाट बघत. काकांनी जाड कागदाचं पॅकिंग कापायची पद्धत मला करून दाखवली. वॉटर पंपाच्या तोंडावर पॅकिंग शीट ठेवायची, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचं. धातूची धारच शीट कापते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका दिला की गोल चकती पडते. पाच मिनिटांत पंपाच्या आकाराचं पॅकिंग तयार. ते इतकं नेमकं होतं की मी ते मागून घेतलं, आता माझ्या टेबलावर आहे.

नाल्यातून गाडी घालण्याबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते पुस्तकातही असंच आहे. तापलेली गाडी थेट थंड पाण्यात घालायची नाही. मागच्या डिफरन्शियलमधली गरम हवा पाण्यात शिरताच आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढते. दोन दिवसांनी ऑइल ताकासारखं पांढरं निघतं. "दहा मिनिटं झाडाखाली थांबा, बिडी ओढा, मग उतरा पाण्यात," काका म्हणाले. इंजिनाचंही तसंच. ऑइल टाकायच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, पाणी कमी होतं पण गळताना दिसत नाही, मागून पांढरा धूर थांबत नाही, ही सगळी हेडचं पॅकिंग गेल्याची चिन्हं आहेत. थंडीत थोड्याथोड्या अंतरासाठी चालणाऱ्या गाडीत झाकणाखाली जराशी साय नुसत्या दवाचीही असू शकते, तेवढ्यावरून हेड उतरवू नये.

माझं मत स्पष्ट आहे: टॅपेट कव्हर, वॉटर पंप, चेंबर एवढं घरी करावं, मन लावून करावं. हेडचं पॅकिंग घरी करू नये, जोवर टॉर्क रेंच, सरळ पट्टी, फिलर गेज आणि कुणीतरी शिकवणारा जवळ नाही. हेड वाकलंय का ते पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून खाली गेजची पाती घालून पाहतात, मर्यादा मिलिमीटरच्या विसाव्या भागाची. त्याहून जास्त असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून आणावा लागतो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. उलटं केलं तर फुगवटा मधेच अडकतो. बोल्टच्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं राहिलं, तर आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच तडकतो. या कामात चुकीला दुसरी संधी नसते.

एक गोष्ट मात्र घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगायची आहे. जुन्या जीपा, ट्रॅक्टर, ट्रक यांच्या हेडच्या पॅकिंगमध्ये तांब्याच्या पत्र्याआड ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि तिचा कॅन्सर वीस-तीस वर्षांनी उगवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला तो याच कारणाने. जुनं करडं, तंतुमय पॅकिंग कोरडं खरवडू नका, ग्राइंडर लावू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाण्याने भिजवा, ओलंच काढा, पिशवीत बांधून टाका, आणि तोवर लेकरांना अंगणात येऊ देऊ नका.

जानेवारीत, मकरसंक्रांतीनंतरच्या रविवारी, मी आमच्या अंगणात कव्हर उघडलं. मिस्त्री म्हणाले होते, स्क्रू ड्रायव्हरने फेस खरवडू नका. ॲल्युमिनियमवर उमटलेला एक ओरखडा म्हणजे ऑइलला काढून दिलेला पाट. घासायच्या चकत्याही नकोत, त्यांची खर बेअरिंग खाते. मग काय वापरायचं? चिचपल्लीला सरकारचं बांबू संशोधन केंद्र उभं आहे, त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने दुसरं काय शोधायचं? बुरडाकडून आणलेली बांबूची कमची मी चाकूने तिरपी तासली. बांबू सिलिकॉन खरवडण्याइतका कडक, पण धातूवर रेघ उठणार नाही इतका मऊ. आधी उघड्या इंजिनात स्वच्छ फडकं पसरलं, की तुकडा आत पडू नये. मग दोन तास त्या वीतभर कडेवरून कमची चालवली. लाल थर निघाला, त्याखालचा करडा निघाला, आणि सगळ्यात खाली पिवळट, काचेसारखी एक पापुद्री लागली. नखाने निघेना. स्पिरिटचा बोळा धरला आणि ती विरघळली. लाख होती. पहिला हात बाबांनी कधीतरी दिलेला असावा.

पेट्रोलने पुसलं की धातू स्वच्छ दिसतो, पण त्यावर तेलाची पातळ झिल्ली उरते. शेवटचा हात स्पिरिटचाच. मग कडेवर पाण्याचा थेंब सोडायचा. तो मण्यासारखा गोळा राहिला तर तेल आहे. पसरला तर फेस साफ झाला. माझा थेंब तिसऱ्या खेपेला पसरला. कव्हर काचेच्या तावदानावर उपडं ठेवून बॅटरीचा उजेड मागून टाकला, तर दोन बोल्टांपाशी ते किंचित वर उचललेलं. आधीच्या आवळण्याने वाकलेलं होतं. ते लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू सरळ केलं. नवं रबरी पॅकिंग खाचेत कोरडं बसवलं, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांतल्या सांध्यांवर, तांदळाच्या दाण्याएवढं. बोल्ट आधी बोटांनी, मग गोटीने, समोरासमोरचे पाळीपाळीने. या बोल्टांना टॉर्क अगदी थोडा लागतो, दहा न्यूटन-मीटरच्या आतबाहेर, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. मिस्त्रींचा शब्द होता, "पॅकिंग दबलं पाहिजे, पिळलं नाही पाहिजे." ब्रीदरची नळी धुऊन, वाळवून जागेवर लावली. आणि चोवीस तास चावी आईकडे दिली.

गाडीखाली पुठ्ठा अंथरला. दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ठिपका उमटला. मी पार खचलो. मिस्त्रींनी पाहिलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी बोट लावलं. तिथली ओ रिंग इतकी वर्षं तापून प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती. वरून येणाऱ्या ऑइलखाली तिची गळती झाकलेली होती. पंधरा रुपयांची रिंग, अर्ध्या तासाचं काम. त्यानंतरचे पुठ्ठे मी तारखा टाकून ठेवले आहेत: फेब्रुवारी, मार्च, सबंध उन्हाळा, कोरडे.

यंदाच्या पोळ्याला आईला आरमोरीकडे तिच्या माहेरी नेलं. व्याहाडला पुलाच्या अलीकडे थांबून डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेला होतं. बैलांच्या पूजेत, जेवणात उशीर झाला आणि परतीला मूल ओलांडेपर्यंत रात्र पडली. पाऊस नुकताच थांबलेला, दोन्ही बाजूंना सागाची ओली पानं हेडलाइटमध्ये चमकत होती. अजयपूरच्या जंगलात मी सवयीने खिडकीची काच बोटभर खाली घेऊन वास घेतला. ओल्या मातीचा होता. चिचपल्लीचा फाटा गेला तेव्हा आई झोपली होती.